दुसरा ब्रेक

नाही हो, उंदरांनी नाही कुरतडलं ते — उंदीर कुठला शिरतोय, या गाडीत मुंगी शिरली तरी मला कळतं — ते माझ्या पायानं झालंय. माझ्याच. शेजारच्या सीटची मॅट आहे, बरोबर उजव्या पायाखाली झिजलीय, पण खालचा पत्रा शाबूत आहे, बोट फिरवून बघा हवं तर. मॅट काय, कुठल्याही दुकानात नवी मिळते. तुम्ही असं दारातून वाकून बघू नका, आत बसा, ड्रायव्हरच्या सीटवर, बसल्याशिवाय गाडी कळत नाही — मी इकडून बसतो, माझ्या जागेवर — हां, आता दार ओढून घ्या. ऐकलंत? पत्र्याच्या डब्यासारखा आवाज नाही, भरीव आहे. किती वाजले तुमच्या घड्याळात? पाच वीस. म्हणजे आहे वेळ. पावणेसहाच्या आत आटपू. नाही, घाई अशी नाही, पण आवडली तर आजच घेऊन जा, आत्ताच, कागदपत्रं सगळी या खणात आहेत, सह्या करून ठेवल्यात. पैशांचं तुमच्या सोयीनं बघू, ते माझ्या डोक्यातही नाही. गाडी तेवढी इथून हलली पाहिजे.

तर फोनवर तुम्ही म्हणालात, बायकोला घरची गाडी हवी आणि मला जरा पळणारी, तुमची कोणती? दोन्ही. खरंच दोन्ही. मागं तीन माणसं ऐसपैस बसतात, लहान मुलांची सीट अडकवायला कड्या आहेत, डिकीत महिन्याचं सामान मावतं आणि त्यावर घडीची खाट मावते, आम्ही नेलीय. आणि पुढं बघाल तर — हे सीटचे लाल दोऱ्याचे टाके बघा, हे स्टिअरिंग, कसं मुठीत भरतं, सहा गिअर, आणि हे बटण. दाबा. आत्ता बंद आहे म्हणून काही होणार नाही, पण चालू असताना दाबलंत की ॲक्सिलरेटर हलका होतो, स्टिअरिंग थोडं जड होतं आणि गाडी — कसं सांगू — कान टवकारते. महागड्या गाड्यांतलं सगळं नाही हिच्यात, पण आहे ते मन लावून केलंय. स्प्रिंगा कडक आहेत, खड्ड्यात कंबरेला कळतं, खोटं कशाला बोलू. मला खरं तर दुसरीच घ्यायची होती, पांढरी, मऊ, म्हाताऱ्या माणसाला शोभेल अशी. मुलीनं ही बघितली. शोरूमच्या कोपऱ्यात उभी होती, हाच निळा रंग, ती जाऊन आत बसली, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि म्हणाली, बाबा, त्या पांढरीत मी नुसती बसेन, हिला मी चालवेन. झालं! माझं सगळं गणित तिथंच कोलमडलं. अर्धी तिची, अर्धी माझी अशी घेतली. तिला तेव्हा नुकती नोकरी लागली होती, प्रसूतिगृहात, नर्स म्हणून.

सीट पुढं घ्या जरा. खाली दांडी आहे, ती ओढा — अजून — बस. क्लच पूर्ण दाबल्यावर गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. आणि आता तो पाय क्लचवरून काढा बघू, गाडी बंद आहे, तिथं पाय टेकून बसायची सवय लागली की प्लेट जळते. आरसा तुमच्यासाठी लावा, माझ्या हनुवटीसाठी नको — माफ करा हं. तोंडातून निघून जातं. एकतीस वर्षं हेच केलं ना. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये. तुम्ही शाळेत शिकवता म्हणालात, म्हणजे आपण एकाच धंद्यातले. फरक एवढाच की तुमचं पोरगं चुकलं तर वहीत लाल रेघ, आमचं चुकलं तर — असो. तुम्ही ओरडता का हो वर्गात? ओरडावं लागतंच, चाळीस पोरं म्हटल्यावर. मी कधीच नाही. एकतीस वर्षांत एकदाही नाही. मला सगळे मुके सर म्हणायचे, माझ्यासमोर नाही, पण मला माहीत होतं, आणि खरं सांगू का, मला त्याचा अभिमान होता. कारण नवा माणूस स्टिअरिंगवर बसलाय, हात घामानं ओले, आणि शेजारी कुणी किंचाळलं की तो काय करतो? थिजतो. नाहीतर ब्रेक समजून ॲक्सिलरेटर दाबतो. म्हणून आमच्यात नियम — मी घालून दिलेला, नंतर सगळ्या शिकवणाऱ्यांनी उचलला — तोंड बंद, पाय तयार. शिकवायच्या गाडीत शेजारच्या सीटखाली दुसरा ब्रेक असतो ना, माहीत असेल तुम्हाला, तुम्हीही शिकला असाल कधीतरी. तो दाबायचा. गाडी थांबते. मग शांतपणे विचारायचं, काय दिसलं तुम्हाला? आणि मला काय दिसलं ते सांगायचं. किती माणसं या पायानं वाचवली, मोजली नाहीत. सायकलवाले, शाळेतून सुटलेली पोरं, एकदा एक लग्नाचा फोटोग्राफर, कॅमेऱ्यात डोळा घालून उलटा चालत रस्त्यात आलेला. एकानंही वळून आभार मानले नाहीत, मानणार कसे, त्यांना कळलंच नाही.

आता तुम्हाला मॅटचं कळलं असेल. गंमत बघा, एकतीस वर्षं गाडी शिकवली पण चालवली किती? मी शेजारी बसणारा माणूस. सुट्टीच्या दिवशीही स्टिअरिंग हातात घ्यायला मला कंटाळा, मुलगीच चालवायची, आणि मी इथं, आणि माझा पाय काही ऐकायचा नाही. पुढच्या गाडीचा लाल दिवा लागला की पाय दाबला. कुत्रं दिसलं, पाय दाबला. इथं काही नाहीये हो, नुसती मॅट आहे, मॅटखाली पत्रा — पण पायाला कोण सांगणार? ती हसायची. चांगली चालवायची, मी शिकवलेली, माझ्या हाताखालची सगळ्यात चांगली, बाप म्हणून म्हणत नाही. तिचं लक्ष रस्त्यावर, पण माझा गुडघा हलला की तिला कळायचं, आणि म्हणायची, बाबा, थांबवलीत का गाडी? थँक यू हं. मी रागवायचो. मग आम्ही दोघं हसायचो. तिची आई मागच्या सीटवरून म्हणायची, मॅट फाटेल एक दिवस. तीन वर्षांत फाटली.

काय? कुठं? बॉनेट? नाही, ऊन पडलंय म्हणून तसं दिसतंय. बरं, डोळे चांगले आहेत तुमचे. हो, बदललंय. बॉनेट आणि पुढचा बंपर, रंग जुळवून घेतला पण निळा रंग जुळत नाही कधी, ते एक आहे. खांब होता. पार्किंगमध्ये. मागे घेताना — नाही, पुढे घेताना. पुढचं बॉनेट आहे, पुढेच घेताना ना. तुम्ही असे बघू नका माझ्याकडे. मास्तर लोकांची ही नजर मला माहीत आहे, मीही वापरलीय. अपघात झालेला आहे. कागदावर आहे सगळं, खणात आहे, लपवत नव्हतो, तुम्ही वाचलं असतंच. इंजिनाला धक्का नाही, चासी सरळ आहे, गॅरेजवाल्यानं लिहून दिलंय. फक्त — आता सांगतोच, घेणाऱ्याला कळलं पाहिजे. एक माणूस गेलाय.

दोन वर्षं झाली. रविवार, दुपारचे तीन, कोरडा रस्ता. बाजाराच्या मागच्या बाजूनं येत होतो, दुकानं बंद, चिटपाखरू नाही. ती चालवत होती, मी इथं. चाळीसवर होती गाडी, तेवढीही नाही, आणि ते बटण दाबलेलं नव्हतं — हे मुद्दाम सांगतो, कारण नंतर प्रत्येकानं तेच विचारलं. कडेला एक ट्रक उभा होता, माल उतरवून रिकामा. आता आमच्याकडे पहिल्या आठवड्यात शिकवतात, उभ्या ट्रकच्या शेजारून जाताना ट्रककडे बघायचं नाही, ट्रकखाली बघायचं. खाली पाय दिसतात. माणूस दिसायच्या आधी त्याचे पाय दिसतात. मला दिसले. तपकिरी चपला, आणि शेजारी सायकलचं चाक, हळूहळू फिरणारं. तिला दिसले नाहीत, तिच्या बाजूनं ट्रकचं चाक आड येत होतं, तिथून कुणालाच दिसले नसते. मला दिसले, आणि वेळ होता — दोन सेकंद म्हणा, अडीच म्हणा, लोक म्हणतात डोळ्याची पापणी लवायच्या आत झालं, तसं काही नव्हतं, भरपूर वेळ होता. आणि मी ब्रेक दाबला.

हा. हाच. जो नाहीये तो. असा दाबला की अंगठ्याचं नख काळं पडलं, पुढं तीन महिने काळं होतं. आणि दाबून — हे मी कुणाला बोललो नाही — दाबून मी निवांत झालो. म्हणजे खरंच. माझ्याकडून काम झालं होतं. मी वाट बघत होतो गाडी थांबायची. एकतीस वर्षं थांबलीय, आता थांबेल. तोंडात जीभ होती, माझ्यापासून तिचा कान हातभर लांब होता, एक शब्द, एक नुसता हुंकार पुरला असता, तिचा पाय माझ्यापेक्षा चपळ. मी गप्प बसलो आणि गाडी थांबायची वाट बघितली. मग तो म्हातारा सायकल ढकलत ट्रकच्या पुढं आला आणि तिनं तिच्या बाजूचा ब्रेक लावला, खरा, आणि तो उशिरा लागला.

किल्ल्या करून देणारा माणूस होता. सायकलच्या कॅरिअरला पत्र्याची पेटी, त्यात कोऱ्या किल्ल्या, शेकड्यांनी. त्या सगळ्या रस्त्यावर. किती वेळ त्यांचा आवाज येत राहिला म्हणून सांगू, एखादी घरंगळत जायची, गटाराच्या जाळीवर वाजायची, परत शांत, परत एखादी. तो आठवडाभर दवाखान्यात होता, मग गेला. मुलगा होता त्याचा, तोही तेच काम करतो. आम्ही गेलो होतो त्याच्याकडे. त्यानं आम्हाला बसायला दिलं.

मग चौकशी. आधी तिला विचारलं, मग मला वेगळं बोलावलं. तो अधिकारी वयानं लहान होता, बोलायला नीट होता. गाडीजवळ उभे होतो, त्यानं हे लाल टाके बघितले, बटण बघितलं, हं म्हणाला. तरुण मुलगी, अशी गाडी — त्याच्या तोंडावर सगळं लिहिलेलं दिसत होतं. मी म्हणालो, साहेब, चाळीसवर होती. तो म्हणाला, काका, तुम्ही एवढी वर्षं शिकवता, तुम्हाला तो माणूस दिसला होता का? आता बघा. मला म्हणता आलं असतं, नाही. नाही दिसला. कुणालाच दिसला नसता, मी म्हातारा, ऊन होतं. एवढं म्हणालो असतो तर सगळं तिथंच मिटलं असतं, तिचं आणि माझंही. पण मला ते म्हणवेना! मुके सरांना ट्रकखालचे पाय दिसले नाहीत? मी म्हणालो, दिसला होता. छाती काढूनच म्हणालो असेन. मग अर्थातच पुढचा प्रश्न आला, मग तुम्ही काय केलंत? आणि मी काय सांगणार होतो, सांगा ना — ब्रेक दाबला म्हणून? कुठला ब्रेक, काका, दाखवा बरं? तो हसला असता. हसला नसता कदाचित, पण मला वाटलं हसेल. मी म्हणालो, ओरडलो. काय म्हणून ओरडलात? थांब म्हणून. मोठ्यानं? हो, मोठ्यानं. त्यानं लिहून घेतलं. एवढंच. पाणी प्यायला लागतं तेवढा वेळ लागला याला.

तिला तुरुंग झाला नाही. लायसन्स गेलं, पाच वर्षांसाठी. मला वाटलं, संपलं. पण कागदांवर सही करताना ते माझं लिहून घेतलेलं तिनं वाचलं. सही करायच्या आधी सगळं वाचायचं हे मीच तिला शिकवलंय. घरी आली आणि मला म्हणाली, बाबा, तुम्ही ओरडला होतात? मी — त्या वेळी तरी सांगायचं. तिथं बायको उभी होती, दारात अजून शेजारी उभे होते. मी मान हलवली. अशी. तीही मोठ्यानं नाही.

तुम्हाला वाटेल त्यात काय एवढं, आपल्याला ऐकू आलं नाही एवढंच तिला वाटलं. तेच तर! ती प्रसूतिगृहात होती. तिचं कामच ऐकायचं. पोटाला नळी लावून बाळाचे ठोके ऐकायचे, शंभर आवाजांत एखादा ठोका अडखळला तर तो पकडायचा, पडद्यापलीकडं बाई वेगळ्या सुरात कण्हली तर धावायचं. मशिनं आहेत, पण मोठ्या डॉक्टरीणबाईसुद्धा तिला बोलवायच्या, जरा तुझे कान दे म्हणायच्या. तिनं ते सोडलं. माझ्याशी बोलली, आईशी बोलली, आणि म्हणाली, शेजारी बसलेला बाप जिवाच्या आकांतानं ओरडला आणि ते मला ऐकू आलं नाही, तर पडद्यापलीकडचं काय येणार. त्याच दवाखान्यात आता कपड्यांच्या खोलीत आहे. चादरी मोजते, घड्या घालते, शिक्के मारते. दोन वर्षं. कान तपासून आणले, तीन ठिकाणी. एक कानाचा डॉक्टर म्हणाला, बाई, मांजरालाही ऐकू येणार नाही ते तुम्हाला ऐकू येतं. ती म्हणाली, मग तेव्हा काय झालं होतं? घरी येऊन मला म्हणाली, बाबा, एकेक किल्ली पडल्याचा आवाज माझ्या कानात आहे, कुठली दगडावर पडली, कुठली जाळीवर, ते सांगेन मी. मग तुमचाच का नाही? मी म्हणालो, होतं असं कधी कधी. काय बोललो बघा. होतं असं कधी कधी.

नाही, पाणी नको. तुम्हाला हवंय का? बरं. तिच्या आईनं मला एकदाच विचारलं. भाजी निवडत होती. म्हणाली, तुम्ही ओरडलात? तुम्ही? चौतीस वर्षं संसार केला हिच्याशी, एकदाही आवाज चढवला नाही, घरात साप निघाला होता तेव्हाही मी हळूच म्हणालो होतो, उठू नकोस. तिनं माझ्याकडे बघितलं आणि परत भाजी निवडायला लागली.  तिला कळलंय. मला कळलंय की तिला कळलंय. तीही गप्प, मीही गप्प, आमच्या घराला ती सवयच आहे. आणि मुलगी — याचंच मला जास्त लागतं — ती एकदा माझ्याजवळ येऊन बसली, हात धरला, आणि म्हणाली, बाबा, तुम्ही आयुष्यात कुणावर ओरडला नाहीत, माझ्यासाठी ओरडलात, आणि ते नेमकं मला ऐकू आलं नाही. रडत नव्हती. तिच्या तोंडावर एक — कौतुक होतं हो. बापाचं कौतुक. दोन वर्षं ती त्यावर जगतेय, आणि त्यानंच मरतेय.

तुम्हाला उतरायचंय का? बसा थोडं. किती झाले? पाच पस्तीस. मग आहे अजून. एक सांगतो आणि मग चावी देतो. गेल्या महिन्यापासून तिला तो आवाज ऐकू येतो. हो. माझा. कपड्यांच्या खोलीत असते, हातात चादर, आणि मागून येतं — थांब. ती थांबते. वळून बघते, कुणी नाही. रस्ता ओलांडताना येतं, जिन्यात येतं. मला सांगत होती, जणू हरवलेलं काही सापडत आलंय. मी विचारलं, आवाज कसा आहे? म्हणाली, तुमचाच, पण मी तुमच्या तोंडून कधी न ऐकलेला. आणि परवा दुपारी आम्ही तिघं जेवत होतो. काही बोलत नव्हतो. आणि ते आलं. तिनं घास थांबवला, आणि मीही थांबवला. दोघांनी एकाच वेळी मान वर केली. बायको म्हणाली, काय झालं दोघांना?  मुलगी माझ्याकडे बघत होती. मी तिच्याकडे बघितलं नाही. पण मला आलं होतं ऐकू, इतकं स्वच्छ, इथं, या कानाच्या मागं, माझाच आवाज, मोठा, आणि कसा सांगू — चांगला होता. वेळेवर आलेला होता. तो आवाज जर त्या दिवशी निघाला असता तर तो म्हातारा आज किल्ल्या करत बसला असता.

काल तिला मेट्रननं, मोठ्या नर्सबाईनं, बोलावलं. वॉर्डात जागा झालीय, परत ये, परवा सकाळपर्यंत सांग, नाहीतर दुसरी घेते. ती घरी आली, मला म्हणाली, बाबा, एक करा. उद्या मी कामावरून आले की आपण गाडीत बसू, त्या दिवशीसारखं, मी इकडे, तुम्ही तिकडे. चालवायची नाही, नुसतं बसायचं. आणि तुम्ही एकदा ओरडा, अगदी तसंच. मला ओळखीचा वाटला तर समजेन की तो कानात शिरला होता, मी घाबरले म्हणून पाय हलला नाही. घाबरणं सुधारता येतं. मग हो म्हणून कळवते. आणि अगदीच नवा वाटला, तर कानांवर भरवसा नाही, मी आहे तिथंच बरी. एवढं कराल का? मी हो म्हणालो. मी तिला नाही कधी म्हणालोय? आणि ती आत गेल्याबरोबर गाडीची जाहिरात टाकली. आता कळलं तुम्हाला, घाई कसली ते. मला वाटलं, गाडीच नसली तर कुठं बसणार. येऊन बघेल तर जागा रिकामी, मी म्हणेन, गिऱ्हाईक आलं, काय करू. हसू येतंय का तुम्हाला? नाही येत. मला सकाळी आलं होतं. सकाळी इथं येऊन बसलो, काचा वर केल्या, म्हटलं एकदा ओरडून तरी बघू, निघाला तर निघाला, ओळखीचा वाटेल तिला, मुलगी परत कामाला लागेल, म्हाताऱ्याची एक थाप लेकीच्या कामी येईल, काय बिघडलं? तोंड उघडलं. काही नाही. हवासुद्धा नाही. आणि पाय, साहेब, पाय मॅटवर दाबलेला.

तुम्ही एवढा वेळ ऐकून घेतलंत. बरं केलंत. तुमच्या मुलांना ही गाडी आवडली असती — नाही, आवडली असती म्हणालो मी, ऐकलंत ना? जाऊ द्या. तुम्हीच सांगा, तुम्ही मास्तर आहात, पोरगं दोन वर्षांपूर्वीची चूक आज येऊन सांगायला लागलं तर तुम्ही ऐकून घेता, की म्हणता, आता काय उपयोग? उत्तर नको. ती समोर आली. वळणावर, ती, राखाडी पिशवीवाली. बघा कशी चालते, प्रत्येक फाटकापाशी थांबते, कुणी बाहेर येतंय का बघते, मग पुढं. पाच चाळीस झाले फक्त. लवकर निघाली आज.

उतरा तुम्ही. नाही, नाही द्यायची गाडी, चावी राहू द्या तिथंच. तुमच्या बायकोला सांगा, म्हातारा चक्रम निघाला, ते खोटं नाही. त्या बाजूनं जा. तिच्याशी काही बोलू नका, नमस्कारही नको, नुसते जा. दार उघडंच ठेवा.

ये. हो, तुझीच वाट बघत होतो. ते होय? कुणी नाही, गाडी बघायला आले होते, गेले. बस. पिशवी मागं टाक. दार लाव. काच राहू दे तशीच, वर नको घेऊस. नाही, डोळे मिटू नको बाळा, माझ्याकडे बघ. तुझ्या कानांना काही झालेलं नाही. कधीच नव्हतं. मी ओरडलोच नव्हतो.